अंगावरून पांढरं जाणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाळी येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक बाईच्या अंगावरून थोडंफार पांढरं जातं. तरी याविषयी मोकळेपणी बोललं जात नाही आणि त्याचा त्रास दोन्ही बाजूंनी होतो. काहीजणी अगदी निरोगी स्रावाला रोग समजून वर्षानुवर्षं औषधं घेत राहतात. काहीजणी वास, खाज, मध्येच दिसणारं रक्त असं सगळं ‘बायकांचं चालायचंच’ म्हणून अंगावर काढतात. पुढचे प्रश्न या दोन्ही प्रकारच्या मैत्रिणींसाठी आहेत.

मला रोजच थोडं पांढरं जातं. हा आजार आहे का?

नाही. तोंडात जशी लाळ असते तसाच योनीमार्गात ओलावा असतो आणि तो असायलाच हवा. गर्भाशयाच्या मुखाशी असलेल्या ग्रंथींतला चिकट द्रव, योनीच्या भिंतींतून पाझरणारं पाणी, त्या भिंतींवरून सुटलेल्या जुन्या पेशी आणि तिथे वस्तीला असलेले जंतू, हे सगळं मिळून हा स्राव तयार होतो. पाळीच्या वयात दिवसाला साधारण 1 ते 4 मिलिलीटर स्राव जातो. कुणाला तो जेमतेम जाणवतो, तर कुणाची चड्डी रोज ओलसर होते. दोन्ही नॉर्मल.

निरोगी स्राव पारदर्शक, पांढरा किंवा दुधट असतो. त्याला वास नसतो किंवा किंचित आंबूस असतो. खाज, आग, दुखणं यांपैकी काही नसतं.

तो आंबूस वास येतो लॅक्टोबॅसिलस नावाच्या जंतूंमुळे. जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ अल्बर्ट डोडरलाइन यांनी 1892 मध्ये त्यांचं वर्णन केलं. इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे योनीच्या पेशींत ग्लायकोजेन नावाची साखर साठते आणि त्यापासून हे जंतू लॅक्टिक आम्ल बनवतात. त्यामुळे योनीमार्गाचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा कमी तितका आंबटपणा जास्त) 3.8 ते 4.5 इतका आम्लधर्मी राहतो आणि बरेचसे त्रासदायक जंतू तिथे टिकत नाहीत. हे नीट समजून घ्या, कारण पुढच्या अर्ध्याअधिक प्रश्नांची उत्तरं इथेच आहेत. हा आंबटपणा टिकला तर बरंचसं काही आपोआप ठीक राहतं. तो बिघडला की तक्रारी सुरू होतात.

कधी चिकट, कधी पातळ, कधी काहीच नाही. असं का होतं?

कारण महिनाभर संप्रेरकांची पातळी बदलत असते. पाळी संपल्यावर काही दिवस कोरडे जातात. मग थोडा चिकट, दाटसर, मलईसारखा स्राव दिसायला लागतो. बीज सुटायची वेळ जवळ आली की तो एकदम पातळ, निसरडा आणि पारदर्शक होतो, कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या भागासारखा. दोन बोटांत धरला तर तार सुटते. बीज सुटतं ते साधारणपणे पुढची पाळी येण्याआधी 14 दिवस, म्हणून 28 दिवसांच्या चक्रात हे मधल्या दिवसांत दिसतं. 35 दिवसांचं चक्र असेल तर ते उशिरा दिसेल. त्यानंतर स्राव पुन्हा घट्ट आणि कमी होतो.

त्या निसरड्या स्रावाचं काम मोठं आहे. एरवी गर्भाशयाचं मुख घट्ट द्रवानं बंद असतं, या दिवसांत ती वाट मोकळी होते आणि शुक्राणू अशा स्रावात 5 दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. मूल हवं असणाऱ्या जोडप्यांना ही खूण उपयोगी पडते. मूल नको असेल तर मात्र नुसत्या या खुणेच्या भरवशावर राहू नका. प्रवास, आजारपण, स्तनपान, योनीतला संसर्ग यांनी ती सहज चुकते.

लैंगिक उत्तेजनेच्या वेळी येणारा ओलावा वेगळा, तो थोड्या वेळात ओसरतो. संबंधांनंतर वीर्यही दुसऱ्या दिवसापर्यंत थोडं थोडं बाहेर येऊ शकतं. त्याला संसर्ग समजून घाबरायचं कारण नाही.

चड्डीवर पिवळट डाग पडतात, काळ्या चड्डीचा तर मधला रंगच उडालाय. संसर्ग झाला असेल का?

पांढरा स्राव हवेत वाळला की पिवळट दिसतो. आणि तो आम्लधर्मी असल्यामुळे गडद कापडाचा रंग हळूहळू फिका होतो. ही उलट योनी निरोगी असल्याची खूण मानायला हरकत नाही. ताजा स्रावच गडद पिवळा किंवा हिरवट असेल तर गोष्ट वेगळी.

मुलगी 10 वर्षांची आहे, अजून पाळी आली नाही, पण चड्डीवर पांढरं दिसतं. काळजी करू का?

बहुधा नको. पहिली पाळी येण्याआधी सहा महिने ते वर्षभर असा स्राव सुरू होतो. स्तनांची वाढ, काखेत केस दिसणं हेही त्याच सुमारास चालू असतं. तिला आधीच सांगून ठेवा की हे होणार आहे आणि ते चांगलं आहे. आईनं शांतपणे सांगितलेली ही चार वाक्यं मुलीच्या मनातली आयुष्यभराची भीती घालवू शकतात.

नवजात मुलींनाही पहिल्या एक-दोन आठवड्यांत पांढरा चिकट स्राव, क्वचित रक्ताचा ठिपकाही दिसतो. आईच्या पोटात असताना मिळालेल्या इस्ट्रोजेनचा तो परिणाम असतो, आपोआप थांबतो.

या दोन टप्प्यांच्या मधल्या वयात मात्र स्राव अपेक्षित नाही. लहान मुलीला घाण वास येणारा, पिवळा किंवा रक्तमिश्रित स्राव जात असेल तर डॉक्टरांना दाखवा. टिश्यू पेपरचा तुकडा आत अडकणं, जंत, त्वचेची जळजळ, घशाच्या संसर्गातले जंतू हातावाटे तिथे जाणं, अशी साधी कारणं असू शकतात. पण मुलीशी कुणी चुकीचं वागलं आहे का, हा प्रश्नही मोठ्यांनी टाळू नये. तिला न घाबरवता, न रागावता विचारावं आणि ती जे सांगेल त्यावर विश्वास ठेवावा.

पांढरं गेल्यामुळे हाडं झिजतात, अशक्तपणा येतो, कंबर दुखते, असं म्हणतात. खरं आहे का?

नाही. स्रावातून हाडातला चुना जात नाही, रक्त जात नाही, शरीराची ताकद जात नाही. दिवसाला चमचाभरही नसलेल्या या द्रवात प्रामुख्यानं पाणी असतं.

पण थांबा. अशक्तपणा खोटा आहे असं मी म्हणत नाही. बाई थकलेली असते, कंबर खरोखर दुखत असते, चक्कर येत असते. फक्त कारण दुसरीकडे असतं. रक्तात लोह कमी असणं, पाळीत जास्त रक्त जाणं, थायरॉइड, अपुरी झोप, कामाचा न संपणारा बोजा, घरातला ताण, उदास मनःस्थिती. ‘थकवा आलाय’ म्हणायला कुणी वाव देत नाही, तेव्हा ‘पांढरं जातं’ ही तक्रार घेऊन बाई डॉक्टरांकडे जाते, हेही घडतं. अशा वेळी पांढऱ्यावरच्या गोळ्या घेऊन थकवा जाणार कसा? हिमोग्लोबिन तपासा, पाळीचा हिशेब सांगा आणि मनावर ओझं असेल तर तेही सांगा.

ओटीपोटात दुखणं आणि ताप यांच्याबरोबर स्राव वाढला असेल, तर ते मात्र वेगळं प्रकरण आहे. त्याबद्दल पुढे सांगते.

मग काय दिसलं तर तपासून घ्यायचं?

आपला नेहमीचा स्राव कसा असतो हे प्रत्येकीला माहीत असतं. त्यात अचानक फरक पडला आणि तो टिकून राहिला, की दखल घ्यायची. रंग हिरवा, करडा किंवा पूसारखा झाला, घाण वास येऊ लागला, दह्याच्या गाठींसारखं जाऊ लागलं, बाहेरच्या भागाला खाज, आग, सूज आली, लघवी करताना चरचरलं, संबंधांच्या वेळी दुखलं, किंवा दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त दिसलं, तर डॉक्टरांकडे जा. ताप, ओटीपोटात जोराच्या कळा, गरोदरपणात पाण्यासारखं किंवा रक्तमिश्रित जाणं, यांत मात्र थांबायचंच नाही. त्याच दिवशी जा.

मासळीसारखा वास येतो, संबंधांनंतर तर जास्तच. काय असेल?

हे वर्णन बहुतेक वेळा बॅक्टेरियल व्हजायनोसिसचं असतं. पाळीच्या वयातल्या बायकांमध्ये स्रावाच्या तक्रारीमागे सर्वाधिक आढळणारं कारण हेच. बाहेरून एखादा नवा जंतू आला, असा हा सरळ हिशेब नाही. लॅक्टोबॅसिलस कमी होतात, आंबटपणा घटतो आणि एरवी थोड्या संख्येनं असणारे गार्डनेरेला आणि इतर जंतू माजतात. स्राव पातळ, करडा-पांढरा आणि सगळीकडे सारखा पसरलेला असतो. खाज सहसा नसते. वीर्य आणि पाळीचं रक्त दोन्ही आम्लधर्मी नाहीत, म्हणून त्या वेळी वास जास्त उठतो.

निदानासाठी 1983 पासून चार खुणांची पद्धत वापरली जाते: तसा पातळ स्राव, पीएच 4.5 पेक्षा जास्त, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकल्यावर येणारा मासळीचा वास आणि सूक्ष्मदर्शकाखाली जंतूंनी मढलेल्या पेशी. चारपैकी तीन असल्या की निदान झालं. मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या 7 दिवस, किंवा योनीत वापरायचं जेल, किंवा क्लिंडामायसिनचं क्रीम हे नेहमीचे उपचार. गोळ्या मध्येच सोडू नका.

या त्रासाचा खरा वैताग म्हणजे तो परत येतो. वर्षभरात निम्म्याहून अधिक जणींना पुन्हा होतो. मग बाई स्वतःलाच दोष देते, आणखी साबण लावते, आणखी आतून धुते, आणि आंबटपणा आणखी जातो. अस्वच्छपणामुळे हा त्रास होत नाही, हे मला इथे ठामपणे सांगायचं आहे.

जोडीदाराला औषध द्यायचं की नाही, यावर बरीच वर्षं उत्तर ‘गरज नाही’ असंच होतं. 2025 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी एक महत्त्वाची चाचणी प्रसिद्ध केली. एकाच पुरुषाशी संबंध असलेल्या बायकांच्या जोडीदारांनाही एका गटात औषध दिलं: मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या आणि शिश्नावर लावायला क्लिंडामायसिनचं क्रीम, 7 दिवस. बारा आठवड्यांत, फक्त बाईला औषध दिलेल्या गटात 100 पैकी 63 जणींना त्रास परत झाला, दोघांना औषध दिलेल्या गटात 35 जणींना. म्हणून वारंवार होत असेल तर डॉक्टरांना हा प्रश्न जरूर विचारा आणि जोडीदाराला बरोबर घेऊन जा.

गरोदरपणात या संसर्गाचा संबंध मुदतपूर्व प्रसूतीशी आढळतो. पोटात बाळ असताना असा वास आला तर थांबू नका.

प्रचंड खाज आहे आणि घट्ट पांढऱ्या गाठी जातात, वास मात्र नाही. हे काय?

बुरशीचा संसर्ग, बहुधा कॅन्डिडा. साधारण 100 पैकी 75 बायकांना आयुष्यात एकदा तरी तो होतो. खाज हे मुख्य लक्षण. बाहेरचा भाग लाल होतो, सुजतो, खाजवून चिरा पडतात आणि त्यावरून लघवी गेली की झोंबतं. इथे पीएच बहुतेक वेळा नॉर्मलच राहतो, त्यामुळे वास येत नाही.

कॅन्डिडा थोड्या प्रमाणात बऱ्याच निरोगी बायकांच्या योनीत असतोच. प्रतिजैविकांनी लॅक्टोबॅसिलससारखे रक्षक जंतू मेले, गरोदरपणात इस्ट्रोजेन वाढलं, मधुमेह ताब्यात नसला, स्टेरॉइडसारखी औषधं चालू असली की तो वाढतो. मधुमेहावरच्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारख्या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, त्यामुळेही हा त्रास होऊ शकतो. म्हणून डॉक्टरांना चालू असलेली सगळी औषधं दाखवा.

क्लोट्रिमाझोलच्या योनीत ठेवायच्या गोळ्या किंवा क्रीम, नाहीतर फ्लुकोनाझोलची 150 मिलिग्रॅमची एक गोळी, एवढ्यावर साधा संसर्ग बरा होतो. गरोदरपणात फ्लुकोनाझोल टाळतात आणि योनीत ठेवायचं औषधच 7 दिवस देतात. योनीत ठेवायच्या अशा काही औषधांतल्या तेलकट घटकांनी लॅटेक्सचे कंडोम कमकुवत होतात, तेवढे दिवस त्यांच्यावर विसंबू नका. हा आजार लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या आजारांत मोडत नाही आणि जोडीदाराला काही त्रास नसेल तर त्याला औषध लागत नाही.

वर्षात तीन किंवा जास्त वेळा झाला तर मात्र दर वेळी तीच गोळी घेत बसू नका. स्राव तपासणीला पाठवायला हवा, कारण कॅन्डिडाच्या काही जाती नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत. रक्तातली साखरही तपासायला हवी. क्वचित मधुमेहाचा पहिला पत्ता इथूनच लागतो.

मागच्या वेळी ज्या गोळीनं बरं वाटलं तीच परत घेतली तर चालेल ना?

मोह समजू शकते, पण यात फसगत फार होते. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, ‘मला बुरशीच झालीय’ असं समजून दुकानातून औषध घेतलेल्या बायकांची तपासणी केली. जेमतेम एक तृतीयांश जणींनाच खरोखर फक्त बुरशी होती. बाकीच्यांना बॅक्टेरियल व्हजायनोसिस, मिश्र संसर्ग किंवा दुसरंच काही होतं आणि काहींना तर काहीच संसर्ग नव्हता.

बुरशीवरचं औषध जंतूंवर चालत नाही, जंतूंवरचं परोपजीवीवर चालेलच असं नाही, आणि प्रतिजैविक उगाच घेतलं तर बुरशी वाढते. म्हणजे एक त्रास घालवायला घेतलेली गोळी दुसरा आणून ठेवते. शिवाय बाहेरच्या भागाची खाज एक्झिमा, लायकेन स्क्लेरोसस यांसारख्या त्वचारोगांचीही असू शकते. त्यावर बुरशीची गोळी वर्षभर खाल्ली तरी उपयोग नाही.

मैत्रिणीला, बहिणीला, जावेला लागू पडलेली गोळी घेण्याबद्दलही हेच उत्तर.

फेसाळ, पिवळसर-हिरवा स्राव आणि आग. नवऱ्यालाही औषध घ्यावं लागेल असं डॉक्टर म्हणाले. का?

कारण हा ट्रायकोमोनास असावा. हा एकपेशीय परोपजीवी फ्रेंच डॉक्टर आल्फ्रेड दोने यांनी 1836 मध्ये पहिल्यांदा टिपला. तो लैंगिक संबंधांतून पसरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2020 या एका वर्षात जगभरात त्याचे 15 कोटी 60 लाख नवे रुग्ण झाले. फेसाळ हिरवा स्राव हे पुस्तकातलं वर्णन झालं. प्रत्यक्षात लागण झालेल्या बहुसंख्य लोकांना काहीच लक्षण नसतं, पुरुषांना तर फारच क्वचित. म्हणूनच ‘मला कुठे काय होतंय’ म्हणून नवऱ्यानं औषध नाकारलं, तर बरी झालेली बाई त्याच्याकडूनच पुन्हा आजारी पडते.

दोघांनी औषध पूर्ण घ्यावं, दोघांचा कोर्स संपून लक्षणं जाईपर्यंत संबंध टाळावेत आणि तीन महिन्यांच्या आसपास बाईची तपासणी पुन्हा करावी. हा आजार महिनोन्महिने गुपचूप राहू शकतो, त्यामुळे निदान आत्ता झालं म्हणजे कुणीतरी आत्ताच कुणाला फसवलं, असा अर्थ काढू नका. या एका गैरसमजानं घरं मोडू शकतात.

स्राव अगदी नेहमीसारखा आहे. म्हणजे लैंगिक आजार नाही, असं धरायचं ना?

नाही धरता येत. क्लॅमायडिया आणि गोनोरिया हे गर्भाशयाच्या मुखाला धरतात आणि बहुतेक बायकांना कळतही नाही. कधी पूसारखा पिवळट स्राव दिसतो, कधी संबंधांनंतर रक्त. उपचार झाले नाहीत तर संसर्ग वर गर्भाशयात आणि बीजनलिकांत चढतो. ओटीपोटात दुखणं, ताप, संबंधांच्या वेळी आत खोलवर दुखणं ही त्याची लक्षणं. नलिकांना व्रण पडले की पुढे वंध्यत्व, गर्भ नलिकेतच रुजणं, जुनाट ओटीपोटदुखी असे प्रश्न उभे राहतात. नवा जोडीदार, जोडीदाराला लक्षणं, किंवा कंडोमशिवाय संबंध असं काही असेल तर त्रास नसतानाही तपासणी करा. स्रावाच्या किंवा लघवीच्या नमुन्यावर ती होते. हा स्रावाचा नमुना कापसाच्या काडीनं स्वतःही घेता येतो. एचआयव्ही आणि सिफिलिससाठी रक्ताची तपासणी त्याच वेळी करून टाकावी.

तपकिरी किंवा गुलाबी जातं, ते कशामुळे?

तपकिरी म्हणजे जुनं रक्त. पाळी सुरू होण्याआधी एक-दोन दिवस आणि संपताना असं दिसलं तर काही नाही. गर्भनिरोधक गोळ्या नव्यानं सुरू केल्यावर पहिले काही महिने, क्वचित बीज सुटताना एखादा ठिपका, हेही चालतं. पाळी चुकली असेल तर आधी गरोदरपणाची चाचणी करा.

संबंधांनंतर वारंवार रक्त येणं, पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणं, किंवा घाण वासाचा पाणचट रक्तमिश्रित स्राव जात राहणं, यांत गर्भाशयमुखाची तपासणी झालीच पाहिजे. बहुतेकदा कारण साधं निघतं, संसर्ग किंवा छोटा मस. पण गर्भाशयमुखाचा कर्करोगही असाच बोलतो, आणि तो लवकर सापडला तर बरा होतो. त्रास नसतानाही जागतिक आरोग्य संघटना 35 वर्षांपर्यंत एकदा आणि 45 वर्षांपर्यंत पुन्हा एचपीव्हीची, म्हणजे हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूची, चाचणी करून घ्यायला सांगते. मुलींना 9 ते 14 या वयात एचपीव्हीची लस दिलेली सर्वांत चांगली.

गरोदरपणात खूप पांढरं जातं. बाळाला धोका?

पांढरा, पातळ, वास नसलेला स्राव वाढणं अपेक्षितच आहे. दिवस भरत आले की एखाद्या दिवशी रक्ताची रेघ असलेला जेलीसारखा गोळा पडतो. गर्भाशयमुख उघडायची ती तयारी असते. 37 आठवड्यांच्या आधी असं झालं तर लगेच कळवा. पाण्यासारखं सतत गळत असेल तर लघवी आहे की गर्भजल हे घरी ओळखत बसू नका. पॅड लावा, पाण्याचा रंग बघून ठेवा आणि दवाखाना गाठा.

बाळंतपणानंतर किती दिवस जातं?

आधी लाल, मग गुलाबी-तपकिरी, मग पिवळट-पांढरं, असं चार ते सहा आठवडे. शस्त्रक्रियेनं बाळंतपण झालं तरी जातंच. घाण वास, ताप, मोठ्या गुठळ्या किंवा तासाला एक पॅड भिजणं हे धोक्याचं. नंतर स्तनपान चालू असेपर्यंत योनी कोरडी वाटू शकते, कारण तेव्हा इस्ट्रोजेन कमी असतं.

पाळी कायमची जाऊन काही वर्षं झाली. आता पुन्हा स्राव का?

इस्ट्रोजेन घटल्यावर योनीची त्वचा पातळ होते, लॅक्टोबॅसिलस कमी होतात, पीएच वाढतो. कोरडेपणा, आग, संबंधांच्या वेळी दुखणं, पिवळट पाणचट स्राव, वारंवार लघवीचा संसर्ग हे सगळं त्या एकाच बदलातून येतं. योनीत वापरायचं कमी मात्रेचं इस्ट्रोजेन क्रीम यावर फार चांगलं काम करतं आणि त्यातलं अगदी थोडं रक्तात उतरतं. स्तनांचा कर्करोग होऊन गेला असेल तर ते सुरू करण्याआधी त्या डॉक्टरांशी बोला. ‘आता या वयात काय सांगायचं’ म्हणून कितीतरी जणी वर्षानुवर्षं हे सोसतात. सोसू नका.

आणि पाळी गेल्यावर वर्षभरानंतर रक्ताचा एक डाग जरी दिसला, गुलाबी पाणी जरी दिसलं, तरी तपासणी करायची. गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग याच एका खुणेनं लवकर सापडतो.

कॉपर टी बसवल्यापासून जास्त जातं. काढून टाकू का?

थोडं वाढणं चालतं. वास, ताप, पोटदुखी असेल तर दाखवा, स्वतःहून काढायचा निर्णय घेऊ नका.

आतून स्वच्छ करण्यासाठी काय वापरावं?

काहीही नाही. योनीमार्ग स्वतःची स्वच्छता स्वतः करतो आणि हा स्राव त्यासाठीच असतो. आत पाणी मारणं, जंतुनाशक, व्हिनेगर, लसूण, दही घालणं, वाफ घेणं, सुगंधी फवारे, सगळं बंद. आतून धुणाऱ्या बायकांत बॅक्टेरियल व्हजायनोसिस आणि ओटीपोटातला संसर्ग जास्त आढळतो. बाहेरचा भाग साध्या पाण्यानं धुतला तरी पुरे. साबण हवाच असेल तर सौम्य, बिनवासाचा, आणि फक्त बाहेर. जाहिरातीतल्या इंटिमेट वॉशची गरज नाही. बाईच्या अंगाला नैसर्गिक वास असणं ही विकत घेऊन झाकायची गोष्ट आहे, असं सांगणाऱ्या जाहिरातींचा मला मनापासून राग येतो.

शौचानंतर पुढून मागे पुसा. सुती, फार घट्ट नसलेली चड्डी घाला, घामानं ओली झाली की बदला. रोज पॅन्टी लायनर लावायची सवय नको, लावलंच तर बिनवासाचं. टॅम्पॉन किंवा कप आत राहून गेला तरी दोन-चार दिवसांत असह्य दुर्गंधी सुटते. तो बोटाला लागला नाही तर डॉक्टरांकडून काढून घ्या, यात लाजण्यासारखं काही नाही.

अजून संबंध आलेले नाहीत. तपासणीत नेमकं काय करतील?

हे आधी सांगा, म्हणजे आत उपकरण घालायची वेळ बहुतेक येत नाही. बाहेरून पाहून आणि बारीक काडीवर स्राव घेऊन बरंच कळतं. संबंध आलेल्या बाईला आडवं झोपवून स्पेक्युलम नावाच्या उपकरणानं गर्भाशयमुख पाहतात. दोन-तीन मिनिटांचं काम असतं, ताण येतो, पण सहसा दुखत नाही. प्रत्येक पायरी आधी समजावून सांगायला लावायचा, मध्येच ‘थांबा’ म्हणायचा आणि सोबत कुणी असावं असा आग्रह धरायचा तुम्हाला हक्क आहे.

डॉक्टरांसमोर बोलायला जीभ रेटत नाही. काय सांगू?

कागदावर लिहून न्या, तो कागद पुढे केला तरी चालतो. किती दिवसांपासून, रंग, वास, खाज आहे का, कुठे दुखतं, शेवटची पाळी कधी आली, गरोदर असण्याची शक्यता, गर्भनिरोधकाचं साधन, हल्ली घेतलेली प्रतिजैविकं, जोडीदाराला काही त्रास. फोनमध्ये डागाचा फोटो असेल तर तोही दाखवा. जाण्याआधी दोन दिवस योनीत कुठलंही क्रीम किंवा गोळी ठेवू नका आणि आतून धुऊ नका, नाहीतर नमुन्यात काही सापडत नाही. पाळी चालू असेल आणि त्रास तातडीचा नसेल तर ती संपल्यावरची वेळ घ्या.